उंची न मोजणारा उंचीमापक

विमानात पुढच्या सीटच्या पाठीवर एक छोटा पडदा असतो. त्यावर नकाशा सरकत असतो, वेग दिसतो, बाहेरचं तापमान दिसतं आणि एक आकडा दिसतो: उंची ३४,००० फूट. आपण तो वाचतो आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागतो. पण हा आकडा आला कुठून? विमानाखाली दोरी सोडलेली नाही, पट्टी लावलेली नाही. खाली अरबी समुद्र असो, सह्याद्रीचे कडे असोत की दख्खनचं पठार असो, आकडा ढिम्म हलत नाही. मग विमान हे अंतर मोजतंय तरी कुठून कुठपर्यंत?

खरं उत्तर चक्रावून टाकणारं आहे. हा आकडा ज्या यंत्रणेतून येतो, ती उंची मोजतच नाही. खालच्या जमिनीकडे ती ढुंकूनही पाहत नाही. ती फक्त एकच गोष्ट तपासते: आपल्या डोक्यावर आता किती हवा उरली आहे? जितकी कमी हवा उरली, तितके आपण वर आलो. एवढ्याशा तर्कावर जगभरची विमानं रोज आपली उंची ठरवतात आणि पाळतात.

पण हवेला वजन असतं, हेच मुळी आपल्याला जाणवत नाही. तुमच्या हाताच्या नखाएवढ्या, म्हणजे साधारण एक चौरस सेंटिमीटर जागेवर वातावरणाच्या टोकापर्यंत हवेचा खांब उभा आहे असं समजा. त्या खांबाचं वजन भरतं जवळपास एक किलो! एक मीटर लांब, एक मीटर रुंद टेबलावर हवेचा भार पडतो दहा टनांहून थोडा जास्त. टेबल मोडत नाही, कारण हवा खालूनही तितक्याच जोराने वर रेटते. आपणही चेपले जात नाही, कारण आपल्या शरीराच्या आतूनही तेवढाच दाब बाहेर ढकलत असतो. जन्मापासून हा भार अंगावर वागवतो आणि आपल्याला पत्ताच नसतो.

हा पत्ता पहिल्यांदा लावला इटलीतल्या इव्हांजेलिस्टा टोरिचेल्लीने, १६४० च्या दशकात. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करायची. पारा थोडा खाली उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो. तो तिथे कोण धरून ठेवतं? भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरून दाबणारी हवा! म्हणजे नळीतला पारा हवेच्या वजनाचा आकडाच सांगत होता.

ही बातमी फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलच्या कानावर गेली आणि त्याला एक विलक्षण प्रश्न पडला. हवेला वजन असेल, तर डोंगराच्या माथ्यावर डोक्यावरची हवा कमी असणार. मग तिथे पारा खाली उतरायला हवा, नाही का? पास्कलची प्रकृती तोळामासा, शिवाय तो राहायचा पॅरिसमध्ये. त्याने आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला पत्र लिहून ही कामगिरी सोपवली. पेरिए क्लेरमों गावचा. गावाजवळच प्वी द दोम नावाचा १,४६५ मीटर उंचीचा डोंगर.

१९ सप्टेंबर १६४८. पेरिएने पाऱ्याच्या दोन नळ्या तयार केल्या. एक खाली मठाच्या बागेत ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एका साधूला बसवलं. दुसरी घेऊन तो गावातल्या जाणत्या मंडळींसोबत डोंगर चढला. माथ्यावर पोचून पाहतो तर पारा तीन इंचांहून अधिक उतरलेला! मंडळी थक्क झाली. पेरिएला मात्र खात्री करून घ्यायची होती. त्याने माथ्यावरच जागा बदलून बदलून पुन्हा मोजलं: तिथल्या चॅपलच्या आत, बाहेर उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात. दर वेळी उत्तर तेच. आणि खाली बागेतल्या नळीतला पारा दिवसभर जागचा हललाही नव्हता. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढला, तर तेवढ्याशा उंचीवरही पारा किंचित उतरलाच.

माणूस आकाशात उडायच्या कितीतरी आधी, उंची मोजण्याचं तत्त्व असं डोंगराच्या वाटेवर सिद्ध झालं. आणि माणूस उडाला, तेव्हा वायुदाबमापक त्याच्यासोबतच उडाला. १ डिसेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये जॅक शार्ल हायड्रोजनच्या फुग्यातून वर गेला, तेव्हा त्याच्याजवळ वायुदाबमापक होता. त्याच संध्याकाळी तो दुसऱ्यांदा एकटाच झपाट्याने सुमारे ३,००० मीटरपर्यंत चढला. जमिनीवरून मावळलेला सूर्य त्याला वर पुन्हा दिसला आणि कानात जबरदस्त कळ आली. खंडाळ्याचा घाट चढताना आपल्या कानांना दडे बसतात, त्यामागेही हेच कारण आहे. कानाच्या पडद्याला दाबातला फरक कळतो. म्हणजे उंचीमापकाची एक ओबडधोबड जोडी आपण सगळेच डोक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन फिरतो!

आता पुढची गंमत. वर जाताना दाब कमी होतो खरा, पण तो सारख्या प्रमाणात कमी होत नाही. गोधड्यांची उंच चळत आठवून पाहा. सगळ्यात खालची गोधडी वरच्या सगळ्यांच्या भाराने दबून पातळ झालेली असते, तर सगळ्यात वरची फुगीर असते. हवेचं अगदी तसंच आहे. तळाची हवा दाट, वरची विरळ. हवेचा दाब मोजतात हेक्टोपास्कलमध्ये. समुद्रसपाटीवर तो सरासरी १०१३ असतो. तिथे एक हेक्टोपास्कल कमी व्हायला साधारण २७ फूट चढलं की पुरतं. पण ३५,००० फुटांवर तेवढ्याच फरकासाठी जवळजवळ ९० फूट चढावं लागतं! साडेपाच किलोमीटर उंचीवर पोचलात की वातावरणाची निम्मी हवा तुमच्या पायाखाली गेलेली असते. एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब उरतो एक तृतीयांश. आणि विमानाच्या नेहमीच्या उंचीवर? जेमतेम पाव.

पण हिंदकळणाऱ्या विमानात पाऱ्याची नळी कशी चालणार? ती अडचण विमान जन्मायच्या आधीच सुटलेली होती. १८४० च्या दशकात ल्युसियाँ विदी या फ्रेंच माणसाने पारा बाजूला ठेवला आणि धातूची एक चपटी, पातळ डबी बनवली. आतली हवा काढून घेऊन ती कायमची बंद केली. बाहेरचा दाब वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते. अशी डबी हातात घेऊन पाहिली तर तिच्या दोन्ही बाजूंवर एकात एक वर्तुळाकार वळ्या दिसतात. पत्रा न दुमडता, न फाटता लवावा म्हणून या वळ्या. विमानाच्या जुन्या पद्धतीच्या उंचीमापकात अशा दोन-तीन डब्या एकावर एक बसवलेल्या असतात. विमान वर चढतं, डब्या किंचित फुगतात. ही हालचाल अगदी मिलिमीटरांच्या हिशेबातली. ती तरफांनी आणि बारीक दातेरी चाकांनी इतकी वाढवली जाते, की तबकडीवरचा लांब काटा दर हजार फुटांना एक पूर्ण फेरी मारतो. जमिनीवरून ३५,००० फुटांवर जाईपर्यंत त्याच्या पस्तीस फेऱ्या! आणि दाब असमान प्रमाणात घटत असूनही तबकडीवरच्या खुणा मात्र समान अंतरावर. ही सगळी किमया तरफा आणि चाकांच्या रचनेत लपलेली.

आजच्या प्रवासी विमानात हे काम इलेक्ट्रॉनिक संवेदक आणि संगणक करतात. तत्त्व तेच आहे. आणि बाहेरची हवा आत येण्याचा मार्गही तोच आहे: विमानाच्या कडेला, पत्र्याशी समतल असलेली काही बारीक छिद्रं. त्यांना स्टॅटिक पोर्ट म्हणतात. विमान ताशी ८५० किलोमीटर वेगाने हवा कापत असताना खरा, शांत हवेचा दाब कळावा कसा? अभियंते विमानाच्या अंगावरची अशी जागा हुडकतात, जिथे वाहत्या हवेमुळे दाबात कमीत कमी गडबड होते, आणि छिद्रं तिथेच ठेवतात. त्यांच्या भोवतालचा पत्रा गुळगुळीत राहावा, त्याला पोचा पडू नये, म्हणून काळजी घेतली जाते. कारण तिथला छोटासा खडबडीतपणाही उंचीचा आकडा बदलू शकतो.

ही छिद्रं किती मोलाची आहेत, हे २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री कळलं. एरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ लिमाहून सांतियागोला निघालं होतं. विमान धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहून गेली. विमान उडालं आणि उंचीचे, वेगाचे आकडे वेडेवाकडे दिसू लागले. बाहेर अंधार, खाली पॅसिफिक महासागर. वैमानिकांनी जमिनीवरच्या नियंत्रकाला आपली उंची विचारली. त्याने रडारच्या पडद्यावर पाहून आकडा सांगितला. पण रडारला हा आकडा कोण कळवत होतं? विमानच! त्याच्याच बिघडलेल्या यंत्रणेतला आकडा विमानाकडून जमिनीवर जाऊन नियंत्रकाच्या तोंडून परत येत होता. सुमारे ९,७०० फूट उंची दाखवत असताना विमानाचा पंख पाण्याला लागला. विमानातले सगळे ७० जण गेले. चिकटपट्टीच्या तुकड्यांनी विमानाचं आकाशाशी असलेलं नातंच तोडून टाकलं होतं.

आता एक शंका तुमच्या मनात आलीच असेल. दाब काही फक्त उंचीने बदलत नाही, हवामानानेही बदलतो. मग? मुंबईचंच उदाहरण घ्या. जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१३ च्या आसपास असतो. जुलैत मान्सून जोरात असताना तो १००३ च्या आसपास उतरतो. म्हणजे दहा हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजेच २७० फूट! मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० फुटांवर आहे. १०१३ वर लावलेला उंचीमापक जुलैत तिथे उभ्या असलेल्या विमानात तीनशेहून जास्त फूट दाखवेल. ढगांतून, पावसातून खाली येणाऱ्या वैमानिकाला काटा सांगतोय की अजून २७० फूट बाकी आहेत, आणि चाकं तर जमिनीला टेकलेली!

यावरचा उपाय रुजवला पॉल कोल्समन या जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभियंत्याने. १९२८ च्या सुमारास त्याने इतका संवेदनशील उंचीमापक बनवला, की वीसेक फुटांचा फरकही काट्यावर दिसावा. तबकडीच्या कडेला एक छोटी खिडकी असते आणि शेजारी एक गोल बटण. बटण फिरवलं की खिडकीतला दाबाचा आकडा बदलतो आणि त्यासोबत काटेही सरकतात. त्या खिडकीला आजही कोल्समन विंडो म्हणतात. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने हाच उंचीमापक वापरून इतिहास घडवला. त्याच्या कॉकपिटवर पडदा ओढलेला, बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. पुढच्या सीटवर बेन केल्सी हा वैमानिक अडीअडचणीला मदत करण्यापुरता बसला होता. डूलिटल केवळ काट्यांकडे पाहत उडाला, वळला, फिरला आणि सुखरूप उतरला. धुक्यात आणि अंधारात उतरणारं आजचं प्रत्येक विमान त्या पंधरा मिनिटांचं ऋणी आहे.

आज दर अर्ध्या तासाला मुंबई विमानतळाचा हवामान अहवाल निघतो. त्यात वारा, ढग आणि दृश्यमानतेच्या पुढे 'क्यू' अक्षर आणि चार अंक असतात, उदाहरणार्थ १००३. उतरणाऱ्या विमानाला नियंत्रक हाच आकडा सांगतो. त्याला क्यूएनएच म्हणतात. वैमानिक तो मोठ्याने परत म्हणून दाखवतो, मगच पुढे जातो. आकडा बरोबर लावला की धावपट्टीवर टेकलेल्या विमानातला काटा धावपट्टीची खरी उंची दाखवतो.

मग खरी कमाल सुरू होते ती वर गेल्यावर. मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला जाताना खालच्या प्रत्येक प्रदेशाचा दाब वेगळा. वैमानिकाने सतत बटण फिरवत बसायचं का? आणि एकाने फिरवलं, दुसऱ्याने विसरलं तर? यावर जगाने मान्य केलेला उपाय पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. ठरावीक उंची ओलांडली की सगळ्या विमानांनी खिडकीत एकच आकडा लावायचा: १०१३.२५. मग खाली खरा दाब काहीही असो! म्हणजे वर गेल्यावर प्रत्येक विमानाचा उंचीमापक जाणूनबुजून थोडा चुकीचा असतो. पण एकाच प्रदेशातून जाणारी सगळी विमानं सारखीच चुकतात. आणि तुमची चूक व माझी चूक सारखी असेल, तर आपल्यातलं अंतर शाबूत राहतं. धडक टाळायला जमीन किती खाली आहे हे कळायची गरज नाही. शेजारचं विमान किती वर किंवा खाली आहे, एवढं कळलं की पुरे.

याच तत्त्वावर आकाशाचे मजले आखले आहेत. आपल्याकडे साधारणपणे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना ३३, ३५, ३७ हजार असे विषम मजले मिळतात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना ३४, ३६, ३८ हजार असे सम मजले. समोरून येणारं विमान आणि तुमचं विमान एकमेकांकडे मिळून ताशी सतराशे किलोमीटरच्या वेगाने झेपावत असतात आणि एक हजार फुटांच्या, म्हणजे तीनशे मीटरच्या फरकाने निघून जातात. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हा फरक दोन हजार ठेवत, कारण विरळ हवेत हजार फुटांना दाब फक्त अकरा हेक्टोपास्कलने बदलतो आणि जुन्या यंत्रांना तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नसे. यंत्रं अचूक झाली, तसा १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर हा फरक निम्मा केला गेला. २००३ मध्ये भारतातही झाला. आकाशात नवे मजले बांधले गेले ते केवळ दाब जास्त बारकाईने मोजता आला म्हणून!

आणखी एक आश्चर्य उरलंय, आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटतं. गरम हवा पसरते, थंड हवा आकसते. उष्ण प्रदेशात हवेचा खांब उंच होतो, थंड प्रदेशात ठेंगणा. त्यामुळे २५० हेक्टोपास्कलची जी पातळी उंचीमापक ३४,००० फूट म्हणून दाखवतो, ती भारतावर प्रत्यक्षात साधारण दीड-दोन हजार फूट जास्त उंचीवर असते. उत्तर ध्रुवाकडे हिवाळ्यात तीच पातळी ३४,००० च्याही खाली येते. आता लंडनहून मुंबईला येणारं विमान डोळ्यांपुढे आणा. ऑटोपायलट एका दाबाच्या पातळीला घट्ट धरून आहे, पडद्यावरचा आकडा तासन् तास स्थिर आहे. आणि प्रत्यक्षात विमान हवेच्या एका अदृश्य, अतिशय सौम्य चढावरून काही शे मीटर वर चढत आलेलं असतं! ज्याला आपण सरळ उडणं म्हणतो, ते खरं तर वातावरणाच्या चढउतारांवरून चालणं आहे.

थंडीत मात्र हीच गोष्ट धोक्याची ठरते. हवा आकसलेली असते, म्हणून विमान काट्यावर दिसतं त्याहून खाली असतं. डोंगराळ, अतिथंड ठिकाणी उतरताना वैमानिकांना म्हणूनच तापमानानुसार उंचीत भर घालावी लागते.

मग आज उपग्रहांवरून जीपीएस अचूक उंची सांगत असताना हवेच्या दाबावर कशाला विसंबायचं? विमानात जीपीएस असतं. जमिनीवर रेडिओ लहरी आपटवून अंतर मोजणारा रेडिओ अल्टिमीटरही असतो. शेवटच्या दोन-अडीच हजार फुटांत तो फार कामाचा. पण आकाशातले मजले दाबाचेच राहिले. कारण हवेला वीज लागत नाही, संकेत लागत नाही, तिचा संपर्क तुटत नाही. ती प्रत्येक विमानाला वेढून असते आणि शेजारून जाणाऱ्या दोघांना एकच गोष्ट सांगते. कोणत्याही देशाचं, कोणत्याही कंपनीचं, नवं किंवा तीस वर्षं जुनं विमान असो, त्याला या करारात सामील व्हायला छिद्रं, दाबमापक आणि १०१३.२५ हा आकडा पुरतो.

हे तुम्हाला स्वतः पडताळता येईल. आजच्या बऱ्याच स्मार्टफोनमध्ये हवेचा दाब मोजणारी, तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसलेली चकती असते. बॅरोमीटरचं एखादं ॲप घ्या आणि इमारतीच्या तळमजल्यावरचा आकडा टिपा. मग लिफ्टने दहाव्या मजल्यावर जा. आकडा साडेतीन-चार हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल. नंतर तोच फोन घरात एकाच जागी ठेवून जानेवारीत एक आकडा लिहून ठेवा आणि जुलैत दुसरा. मुंबईत राहत असाल तर १०१३.२५ च्या हिशेबाने तुमचं घर मान्सूनमध्ये अडीचशे-पावणेतीनशे फूट वर गेलेलं असेल. विमानं मात्र तेव्हाही त्याच हिशेबाने, एकमेकांपासून बरोबर हजार फूट राखून, त्याच्यावरून जात असतील.